जपानचा म्हातारा आणि पंधरा कागद

तळोद्यात मला नावाने हाक मारणारी माणसं आता चार-पाचच उरली आहेत. बाकी सगळ्या गावाला मी 'पेंटर'. हनीफ हे नाव रेशनकार्डावर आहे आणि बायकोच्या रागात आहे. या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा तेही म्हणाले, "पेंटर, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा." मी म्हटलं, माझा धंदा बसून सहा वर्षं झाली. ते म्हणाले, म्हणूनच लिहा.

तेव्हा लिहितो. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, निवडणुकीच्या भिंती, फ्लेक्स आल्यावर आमचं काय झालं, हे सगळं बाजूला ठेवतो. ते माझ्यासारख्या कुठल्याही पेंटरला विचारा, तो सांगेल. मला लिहायचं आहे ते एका जपानी म्हाताऱ्याबद्दल, ज्याला मी कधी भेटलो नाही. आणि एका मुलीबद्दल, जी नऊ दिवस माझ्या पाठीमागे बसली होती आणि मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही.

माझे अब्बाही पेंटरच होते. पण ते फक्त अक्षरं काढायचे. माणसाचा चेहरा काढणं त्यांना मान्य नव्हतं. दोरीला खडू लावून भिंतीवर तिचा फटका मारायचा, दोन सरळ रेषा उमटवायच्या आणि त्यांच्या मधे मराठी, गुजराती, उर्दू, काय हवं ते लिहायचं. मी मात्र विशीतच चेहऱ्यांच्या नादाला लागलो. अब्बांनी मला मारलं नाही, पण मी चेहरा काढायला बसलो की ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहायचे.

चेहरे म्हणजे मुख्यतः मेलेल्या माणसांचे. आमच्याकडे घरात कोणी गेलं की त्याची मोठी तसबीर करायची पद्धत आहे. लोक आधार कार्ड घेऊन येतात, लग्नातला गर्दीचा फोटो घेऊन येतात. आम्ही फोटोवर बारीक चौकटी मारतो, कॅनव्हासवर मोठ्या चौकटी मारतो, आणि एकेका चौकटीतलं जसंच्या तसं मोठं करत जातो. मग थोडी दुरुस्ती. घाम पुसायचा, डोळे जरा जास्त उघडायचे, ओघळलेले गाल वर उचलायचे. माणूस जगताना दिसला नसेल इतका नीटनेटका मेल्यावर दिसला पाहिजे.

तापीकाठच्या एका गावचा शेतकरी वडिलांचा फोटो घेऊन आला होता. फोटोत म्हातारा बंडीत. मुलगा म्हणाला, "पेंटरभाऊ, आबाले कोट घाली दे."

मी विचारलं, "आबांनी कधी कोट घातला होता का?"

"नही घाला. म्हनीसन तर सांगस! जित्ता व्हता तवय नही भेटना, आते तरी घालू दे."

मी कोट घातला. वर खिशाला पेनही लावलं. मुलगा इतका खूश झाला की तसबीर डोक्यावर घेऊन एसटीत चढला.

पण सगळीच कामं अशी हसून सांगण्यासारखी नाहीत. खापर गावच्या बाजारात एक माणूस मला शोधत आला. घराला आग लागून बायको गेली होती आणि तिचे फोटोही त्याच आगीत गेले होते. तो तोंडी सांगत गेला, नाक असं, कपाळ असं. मी अर्धं ऐकलं. डोक्यात एक ठरलेला बाईचा चेहरा होता, कॅलेंडरवर छापतात तसा, तोच काढला आणि कुंकू लावून दिला. त्याने तसबिरीला हात जोडले. मला वाटलं, जमलं. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट फुशारकीने सांगत असे.

म्हातारा माझ्या आयुष्यात आला तेव्हा मी पंचावन्नचा होतो.

सातपुड्यात वर एका आश्रमशाळेच्या भिंती रंगवायचं काम मिळालं होतं. तिथे वसावे सर नावाचे शिक्षक होते. अक्कलकुव्याकडचे, भिली घरात बोलणारे, नाशिकला शिकलेले आणि सिनेमाचे वेडे. मी एका वर्गाची आतली मोठी भिंत घासून पांढरा प्रायमर मारला होता आणि तो वाळायची वाट बघत होतो. रविवार होता, बाहेर पाऊस. सर म्हणाले, "पेंटर, तुमची भिंत आज मला द्या." त्यांनी कुठून तरी प्रोजेक्टर आणला होता. खिडक्यांना पोरांच्या सतरंज्या अडकवल्या, भर दुपारी वर्गात अंधार केला आणि शंभरेक पोरं खाली बसवली. मी मागे दाराशी रंगाच्या डब्यावर बसलो.

सिनेमा जपानी होता, सगळा हाताने काढलेल्या चित्रांचा. तो ज्याने केला त्याचं नाव सरांनी मला पुष्कळदा सांगितलं. मला ते नीट उच्चारता येत नाही, आणि चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. मी त्याला म्हाताराच म्हणतो. तो म्हातारा आहे, आणि सर सांगतात की अजून रोज टेबलापाशी बसून काढतो.

भाषा कोणालाच कळत नव्हती. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, ती वाचायला सरांशिवाय कोणी नव्हतं. पण एके ठिकाणी शेतात वाकून काम करणारी एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. वारा आला. आधी लांबचं गवत वाकलं, मग जवळचं, मग तिच्या डोक्यावरचा रुमाल उडाला. ती तशीच उभी राहिली. वारा गेला. तिने रुमाल नीट केला आणि पुन्हा वाकली. एवढंच. पुढच्या गोष्टीशी त्या बाईचा काही संबंध नव्हता, ती परत आलीही नाही.

पोरं गप्प झाली होती. त्यांच्या आयाही अशाच उभ्या राहतात, ते त्यांनी पाहिलेलं होतं. मी मात्र वेगळ्याच कारणाने गप्प झालो. मी धंद्यातला माणूस. मला दिसत होतं की हे कोणीतरी बसून काढलं आहे. पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे न हलणाऱ्या चित्रांची गड्डी असते. हात मांडीवर, मग जरा वर, मग आणखी जरा वर, असं एकेक कागदावर वेगळं काढायचं आणि भराभर दाखवायचं. एका सेकंदाला डझनावारी कागद लागतात. म्हणजे कोणीतरी आधी वाऱ्यात उभ्या असलेल्या बाईकडे कितीतरी वेळ नुसतं बघत बसला असणार. मग इतके कागद खर्चून त्याने काय काढलं, तर एक बाई काही करत नाही ते. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या कामात मी कोणाकडे असं बघितलं नव्हतं. मी फोटोकडे बघत होतो.

त्यानंतर सरांनी मला पेन ड्राइव्हमध्ये म्हाताऱ्याचे सगळे सिनेमे भरून दिले. मी ते मोबाइलवर थांबवून थांबवून पाहिले. एकेक सेकंद अडवायचा, वहीत उतरवून काढायचा, पुढे सरकायचं. बायको नसीम म्हणायची, "इस उमर में कार्टून देखते हो, लोग क्या कहेंगे?" पण एकदा माझ्या खांद्यावरून तिने एक म्हातारी चुलीपुढे ओणवी होताना पाहिली आणि म्हणाली, "इसको घुटने का दर्द है." म्हातारीने तसं काही म्हटलेलं नव्हतं. ते तिच्या बसण्यात होतं.

शाळेच्या त्या भिंतीवर मी ठरल्याप्रमाणे आगगाडी, पाढे आणि नकाशा काढला. उरलेल्या कोपऱ्यात वाऱ्यात उभी असलेली एक बाई काढली. आमच्या डोंगरातली, लुगड्याचा काचा मारलेली. मुख्याध्यापक बराच वेळ बघत राहिले.

"पेंटर, ही बाई काय करते?"

"उभी आहे."

"ते दिसतंय. पण काय करते?"

"वारा लागतोय तिला, सर."

"मजकूर टाका काहीतरी."

मी तिच्या डोक्यावर 'स्वच्छता राखा' असं लिहिलं. वारा गेला तो गेलाच.

ते काम नऊ दिवस चाललं. रोज शाळा सुटल्यावर पोरं माझ्या मागे येऊन बसायची आणि मी काढतो ते बघायची. मला त्यांची कुजबुज ऐकू यायची. मी एकदाही वळलो नाही. माझ्या डोक्यात म्हातारा आणि समोर भिंत. त्या घोळक्यात पाचवीतली एक मुलगी होती, सुनिता नावाची. हे मला दोन वर्षांनी कळलं.

दोन वर्षांनी वसावे सर एका बाईला घेऊन माझ्या घरी आले. दुकान तोवर मी मोडलं होतं, घराच्या ओसरीवरच जे काम येईल ते करत होतो. बाईचं नाव रुमलीबाई. वरच्या पाड्यातली, तिशी ओलांडलेली, डाव्या हाताला कोपरापर्यंत चिंधी गुंडाळलेली. नवरा-बायको दरवर्षी गुजरातेत ऊस तोडायला जातात. त्या वर्षी मुलीलाही शाळेतून काढून बरोबर नेलं होतं, धाकट्याला सांभाळायला. तिथे तिला ताप आला. चौथ्या दिवशी गेली. तिथेच पुरलं. नंतर पंधरा दिवसांत आईने उसाऐवजी स्वतःच्या हातावर कोयता मारून घेतला. चुकून, असं सर म्हणाले.

"तिला मुलीची तसबीर पाहिजे," सर म्हणाले. "शेजाऱ्यांकडे तुम्ही केलेली एक आहे, ती तिने पाहिली आहे."

"फोटो?"

"तीच अडचण आहे. नाही."

सरांच्या मोबाइलमध्ये शाळेचे शेकडो फोटो होते. एकाच फोटोत सुनिता सापडली, आणि तिने नेमकी मान वळवलेली. दोन वेण्या आणि एक कान. सरांनी मला सांगितलं तेव्हा मला कळलं की ही त्या नऊ दिवसांतली. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. आगगाडीच्या इंजिनाला कुठला लाल लावला होता ते आठवलं. एकही पोर आठवलं नाही.

मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. रुमलीबाईला वेगवेगळी नाकं काढून दाखवली, डोळे दाखवले. सर भिलीत विचारत होते, ती उत्तर देत होती. असं नाक? हो. की असं? हो. दुपारपर्यंत मी तीन चेहरे पूर्ण केले. तीन अगदी वेगळ्या मुली. तिन्हींना ती हो म्हणाली. ती परक्या गावात, परक्या माणसाच्या ओसरीवर बसली होती, आणि मी मेहनत घेतोय तर नाही कसं म्हणायचं, एवढंच तिच्या मनात होतं. त्यातली एक तसबीर रंगवून दिली असती तर तिने हात जोडून घेतली असती. खापरच्या माणसाने घेतली तशी.

मी पेन्सिल खाली ठेवली. सरांना म्हटलं, "नाही होणार हे माझ्याने. तिला सांगा."

सर काही सांगायच्या आत घरातून नसीमचा आवाज आला, जेवून जा म्हणून. ती दारातच परात घेऊन कणीक मळत बसली होती. मळता मळता तिच्या कपाळावर केस आले आणि तिने ते दंडाने मागे सारले. रुमलीबाई ते बघत होती. ती एकदम काहीतरी बोलली. सकाळपासून ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

"ती म्हणते, सुनिता असंच करायची," सर म्हणाले. मग पुन्हा ऐकून म्हणाले, "नाही. म्हणते, असं नाही."

रुमलीबाई उठली, नसीमच्या शेजारी जाऊन बसली. चिंधी बांधलेला हात मांडीवर ठेवला. दुसऱ्या हाताने परात नसलेल्या जागी पीठ मळल्यासारखं केलं. मग मनगट उलटं करून केस मागे सारले आणि हात तिथेच, कपाळाशी, किंचित थरथरता ठेवून ती थांबली. तोंड जरासं उघडं, नजर वर. कोणीतरी लांबून हाक मारली असावी तशी. मग काही नाही असं समजून पुन्हा पिठाकडे वळली.

ती क्षणभर बारा वर्षांची झाली होती. नसीमचे हात पिठातच थांबले होते.

"सर, तिला म्हणावं, पुन्हा करा."

तिने पुन्हा केलं. आठ वेळा केलं, दहा वेळा केलं. मी एकसारखे कागद कापले आणि काढत सुटलो. चेहरा जवळजवळ काढलाच नाही, एक रेघ नाकाची, दोन ठिपके, नाकातली काडी. फोटोतल्या वेण्या आणि कान तेवढे नीट घेतले. बाकी सगळं लक्ष हातावर, खांद्यावर आणि त्या थांबण्यावर. म्हाताऱ्याच्या सिनेमातले सेकंद अडवून अडवून वह्या भरल्या होत्या, त्या पहिल्यांदा कामाला आल्या. ती दोघं त्या दिवशी सरांच्या नातेवाइकांकडे राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा कागद पूर्ण झाले. मी ते एका कडेला दोऱ्याने शिवले आणि तिच्या समोर धरून अंगठ्याने भर्रकन सोडले.

कागदावरच्या मुलीने केस मागे सारले, हाक ऐकली, पुन्हा मान खाली घातली.

रुमलीबाई हसली. मी रडण्याची तयारी ठेवून बसलो होतो, आणि ती हसली. पोरीने काही खोडी केल्यावर आई हसते तशी. मग तिने गड्डी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या अंगठ्याने सोडून पाहिली. पहिल्यांदा नीट सुटली नाही. मग सुटली. नंतर ती किती वेळा सोडत राहिली, मी मोजलं नाही. नसीम उठून आत गेली.

मी विचारलं, "आता यातलं एक चित्र मोठं करून रंगवून देतो. कुठलं करू?"

सरांनी विचारलं. तिने मान हलवली. मोठं नको होतं. तिने गड्डी पोलक्यात घातली आणि ती दोघं जीपच्या वेळेला निघून गेली.

माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांतली ती एक दुपार. मला वाटलं, मी म्हाताऱ्याचा शिष्य म्हणवून घेऊ शकतो. गड्डी देण्याआधी सरांनी मोबाइलवर तिचं चित्रण करून ठेवलं होतं. आम्ही ठरवलं की ते म्हाताऱ्याला पाठवायचं. मी पत्रही लिहायला घेतलं. मराठीतच. सर इंग्रजी करणार होते आणि पत्ता शोधणार होते.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज उतरलेला.

"पेंटर, मी ते चित्रण शाळेत पोरींना दाखवलं. तिच्या वर्गातल्या. त्यांनी लगेच ओळखलं. पण म्हणाल्या, सर, हात चुकला. सुनिता डावरी होती."

आईचा डावा हात चिंधीत होता, म्हणून तिने उजव्याने करून दाखवलं. मी विचारायला हवं होतं. त्या पहिल्या दिवशी मी नाक विचारलं, डोळे विचारले, ती कोणत्या हाताने काम करायची हे विचारलं नाही. ती मुलगी नऊ दिवस माझ्या पाठीशी बसली होती. एकदा वळलो असतो तर ती कदाचित डाव्या हाताने जमिनीवर रेघोट्या काढताना दिसली असती.

पत्र तसंच राहिलं. म्हाताऱ्याला काय तोंड दाखवणार.

धंद्यातले म्हणतील, त्यात काय, कागद उलटा करून काचेवर गिरवायचा. तासाभराचं काम. पण मग नाकातली काडीही दुसऱ्या बाजूला गेली असती. आणि उजव्या माणसाला आरशात दाखवलं म्हणून तो डावरा होत नाही. डावऱ्याचं बसणंच वेगळं असतं, वजन वेगळ्या मांडीवर असतं, परात वेगळी धरली जाते. सरांनी सांगितलं होतं की पसंत पडलं नाही की म्हातारा सगळं फाडतो आणि पहिल्या कागदापासून सुरू करतो. मीही तेच करायचं ठरवलं.

तळोद्याच्या बाजारात एक भाजीवाली डावरी आहे. मी तिच्यासमोर रोज जाऊन उभा राहू लागलो. चौथ्या दिवशी ती भडकली.

"काय देखी ऱ्हायना भाऊ? भाजी लेवानी व्हई त ले, नही त व्हय पुढे!"

मी खरं काय ते सांगितलं. तिने तराजू खाली ठेवला. मग म्हणाली, "बस मंग तठे. पन गिऱ्हाईकना आड येवू नको." मी तीन आठवडे तिथे बसलो. घरी येऊन काढायचं, फाडायचं. नवे पंधरा कागद झाले तेव्हा मला स्वतःला पटलं की ही तीच मुलगी. वर्गातल्या पोरींना सरांनी दाखवले. त्या म्हणाल्या, आता बरोबर.

पण रुमलीबाई तोवर पुन्हा उसाला गेली होती. तिचा फोन नाही, नवऱ्याचा लागत नव्हता. कागद कपाटात ठेवले आणि मी वाट बघत राहिलो.

ती होळीनंतर आली. सर बरोबर होते, त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं. ते मीच सांगावं असं आमचं ठरलं होतं. ती ओसरीवर बसली, प्लास्टिकच्या पिशवीतून गड्डी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. मी ती ओळखली नाही. कडा गोल होऊन गेल्या होत्या, कागद तेलकट काळे पडले होते, अंगठ्याच्या जागी पेन्सिल पुसून गेली होती. मी सोडून पाहिली. मुलगी पिठात हात घालून बसली होती आणि एकदम तिचा हात कपाळावर होता. मधले चार कागद नव्हते.

"उसाच्या फडातल्या कोपीत, राहायच्या झोपडीत, पाणी शिरलं, त्यात गेले," सर म्हणाले. "ती म्हणते, आता सुनिता दचकते. पहिल्यासारखं करून द्या."

मी सरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. तिचा डावा हात आता बरा झाला होता, मनगटापासून कोपरापर्यंत व्रण होता, आणि त्याच हाताने तिने पिशवी धरली होती. मी म्हटलं, "सर, तिला म्हणावं, एकदा पुन्हा करून दाखवा. सुनिता कशी करायची."

ती लगेच बसती झाली. मळल्यासारखं केलं, मनगट उलटं केलं, केस मागे सारले, थांबली, वर पाहिलं.

उजव्या हाताने. डावा मोकळा होता, तो मांडीवर ठेवला होता, चिंधी बांधलेला असताना ठेवला होता तसाच. आणि मी बघत राहिलो, कारण ते थांबणं आता आधीसारखं नव्हतं. पहिल्या खेपेला तिचा हात कपाळाशी किंचित थरथरला होता, ते मला कागदावर साधलं नव्हतं. आता तिचाही थरथरत नव्हता. ती माझे कागद करून दाखवत होती.

सरांनी हळूच विचारलं, मला कळावं म्हणून मराठीतही म्हणाले, "वर्गातल्या पोरी म्हणतात, सुनिता डावरी होती. होती ना?"

रुमलीबाईने थोडा विचार केला. मग काहीतरी बोलली.

"म्हणते, पोरी तसं म्हणतात. पोरींना काय माहीत."

मी कपाटातून नवे कागद आणले. तीन आठवडे भाजीवालीपुढे बसून, फाडून फाडून काढलेले, धंद्यात मी केलेलं सगळ्यात खरं काम. तिच्या हातात दिले. तिने सराईतपणे अंगठ्याने सोडले. एकदा. दुसऱ्यांदा हळू. मग ते नीट जुळवून, कोपरे सारखे करून, दोन्ही हातांनी मला परत दिले. फार अदबीने बोलली.

सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

"म्हणते, चांगली आहे. कोणाची मुलगी आहे ही?"

मी आत जाऊन पाणी प्यायलो. म्हाताऱ्याचा विचार केला. चूक दिसल्यावर तो ती ठेवणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्याच्या ओसरीवर अशी आई येऊन बसली असती तर त्याने काय केलं असतं, ते त्याच्या कुठल्या सिनेमात मी पाहिलेलं नाही.

बाहेर आलो तेव्हा ती तशीच बसली होती, काळी गड्डी मांडीवर घेऊन. मी चष्मा पुसला, जुन्या मापाचे चार कागद कापले, आणि सुनिताचा उजवा हात काढायला बसलो.